गोठ्यातलं मत सरकारदरबारी

धारा काढून, दूध डेअरीवर घालून, शेळ्या बांधून आता कुठे टेकला असाल, त्या सगळ्यांना माझा रामराम.

आज थोडं कायद्याचं बोलायचं आहे. कायदा म्हटला की आपण म्हणतो, ते वकिलांचं काम, आपल्याला काय त्यातलं. पण हा कायदा आपल्या दावणीचा आहे. जनावरांना कसं वागवायचं, किती राबवायचं, बाजारात कसं न्यायचं आणि चुकलं तर शिक्षा काय, हे सांगणारा. तो बदलायचा म्हणून सरकार मसुदा काढतं आणि लोकांना विचारतं, तुमचं म्हणणं काय? आता मला सांगा, लोक म्हणजे कोण? सकाळी शेण कोण काढतं? वैरण कोण टाकतं? पान्हा चोरणाऱ्या गायीला गोंजारून कोण दोहतं? व्यायला झालेली शेळी रात्री दोनदा उठून कोण बघतं? काम आपलं, आणि मत मात्र दुसऱ्याच कुणाचं तरी जातं. म्हणून आजचा विषय हा. असा मसुदा आला तर आपल्या गटाने काय करायचं?

आधी सध्याचा कायदा समजून घेऊ. जनावरांना क्रूरतेने वागवण्याला आळा घालणारा केंद्राचा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या ११व्या कलमात लांबलचक यादी आहे. जनावराला मारझोड करणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, आजारी किंवा खांदा सोललेल्या जनावराला कामाला जुंपणं, आखूड दाव्याला तासन्‌तास बांधून ठेवणं, मालकाने पुरेसं खायला-प्यायला आणि आसरा न देणं, काही कारण नसताना जनावर वाऱ्यावर सोडून देणं, हे सगळे गुन्हे आहेत. आणि शिक्षा? पहिल्या वेळी कमीत कमी १० रुपये, जास्तीत जास्त ५० रुपये दंड. तीन वर्षांच्या आत पुन्हा केलं तर २५ ते १०० रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही.

१९६० साली दहा रुपयांना वजन होतं. आज दहा रुपयांत टपरीवरचा चहा येतो. म्हणजे टेम्पोत दाटीवाटीने जनावरं कोंबून नेणारा ५० रुपये टाकून मोकळा होऊ शकतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी जल्लिकट्टू आणि बैलगाडा शर्यतींवर बंदी घातली, तेव्हा त्याच निकालात म्हटलं होतं की या कायद्यातली शिक्षा जरब बसेल अशी नाही, संसदेने ती वाढवावी.

एक गैरसमज मात्र काढून टाका. जनावर मारून टाकलं, विष घातलं किंवा कायमचं जायबंदी केलं तर ते दहा रुपयांवर भागत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३२५व्या कलमात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. कुणी वैराने तुमच्या गायीला विष घातलं तर हे कलम लक्षात ठेवा.

आता मसुद्याकडे येऊ. केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने नोव्हेंबर २०२२ मध्ये या जुन्या कायद्याच्या दुरुस्तीचा मसुदा काढला आणि ७ डिसेंबरपर्यंत लोकांच्या सूचना मागवल्या. अतिशय निर्घृण वागणूक असा एक वेगळा गुन्हा त्यात सुचवला होता. त्याला कमीत कमी ५० हजार रुपये दंड, तो ७५ हजारांपर्यंत किंवा जनावराच्या किमतीएवढा, यात जो जास्त असेल तो. किंवा एक ते तीन वर्षं कैद, किंवा दोन्ही. शिवाय जनावरांची पाच स्वातंत्र्यं कायद्यात घालावीत असंही त्यात होतं.

ही पाच स्वातंत्र्यं काय आहेत? १९६५ साली ब्रिटनमध्ये पाळीव जनावरांच्या हालांवर एका समितीने अहवाल दिला, त्यातून पुढे हा विचार जगभर गेला. नाव मोठं वाटलं तरी आपल्या गोठ्याच्या भाषेत ते सोपं आहे. एक, भूक-तहान लागू देऊ नये. दोन, उन्हापावसात, चिखलात उभं ठेवू नये. तीन, दुखणं-खुपणं, जखम, आजार यांवर वेळेत इलाज करावा. चार, त्याच्या जातीप्रमाणे त्याला वागू द्यावं, म्हणजे चरू द्यावं, फिरू द्यावं, पिलाजवळ असू द्यावं. पाच, सतत भीतीत ठेवू नये. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी करून आपण बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळतो, त्या दिवशी त्याला जुंपत नाही, चाबूक उगारत नाही. ही समज आपल्याकडे आहेच. कायदा म्हणतो, ती वर्षभर ठेवा.

मग यात आपल्याला अडचण काय? दोन गोष्टी सांगते.

पहिली तारखेची. मसुदा आला २१ नोव्हेंबरला, मुदत ७ डिसेंबरची. जेमतेम पंधरा-सोळा दिवस. कायद्याच्या मसुद्यावर लोकांना कमीत कमी ३० दिवस द्यावेत आणि तो सोप्या भाषेत समजावून सांगावा, असं केंद्र सरकारचंच २०१४ सालचं धोरण आहे. आणि तो हंगाम आठवा. लम्पीची साथ होती. सप्टेंबरपासून गुरांचे बाजार बंद होते, दावणीला गाठी आलेली जनावरं होती. निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागा, चांदवड-येवल्याकडे रांगड्या कांद्याची लागवड. त्यात कोण दिल्लीचा मसुदा वाचणार?

दुसरी अडचण शिक्षेची. दहा रुपये दंड हा गुन्हेगाराला हसायला लावणारा आहे, हे खरं. पण कमीत कमी ५० हजार हा आकडा सगळ्यांना सारखा लागत नाही. जो ट्रक भरून जनावरं नेतो त्याला तो एका फेरीचा खर्च आहे. दोन शेळ्या आणि एक म्हैस असलेल्या बाईचं त्यात घर जातं. म्हणून ‘निर्घृण’ म्हणजे नेमकं काय, हे शब्दाशब्दाने लिहिलेलं हवं. दुष्काळात नांदगाव-सिन्नरच्या पूर्व पट्ट्यात चाराच मिळत नाही, जनावरांची हाडं दिसायला लागतात. ती क्रूरता की लाचारी? जाणूनबुजून उपाशी ठेवणारा आणि स्वतः अर्धपोटी राहून पेंढी विकत आणणारी, या दोघांना कायद्याने वेगळं ओळखलं पाहिजे. हे दिल्लीत बसलेल्या माणसाला आपोआप कळणार नाही. ते आपणच लिहून कळवायला हवं.

उसाच्या गाड्यांचं घ्या. आपल्या जिल्ह्यातून कितीतरी जोड्या ऊसतोडीला जातात. कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, हे तुम्हाला सांगायला नको. टायरगाडीवर ऊस रचायला बाईच असते, आणि बैल फसला की चाकाला खांदा लावायलाही तीच. कामाच्या जनावरांसाठी १९६५ सालचे नियम आहेत. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही. जिथे पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपायचं नाही. टोचणीची काठी वापरायची नाही. वजनालाही मर्यादा आहे. आता मजुरी टनावर मिळते, उचल अंगावर असते, मग ओझं वाढतं. पकडला तर गाडीवान पकडला जाणार. ज्याने तसा हिशोब लावून दिला, त्याचं काय? ‘जनावर जो हाकतो त्याच्याबरोबर, जो जास्त भरायला लावतो त्यालाही जबाबदार धरा’, ही सूचना ऊसतोडीला गेलेल्या बाईइतकी नेमकी दुसरं कोण करणार?

तुम्ही म्हणाल, ताई, लिहून काय होतं? कोण वाचतं? तर दोन उदाहरणं देते. दोन्ही आपल्या डोळ्यांसमोरची आहेत.

पहिलं जनावरांच्या बाजारांचं. २०१७ साली केंद्राने गुरांच्या बाजारांसाठी नियम केले. मसुदा जानेवारीत निघाला, हरकतींसाठी ३० दिवस होते. खेड्यात कुणाला पत्ता नाही. २३ मे रोजी नियम लागू झाले आणि मग एकदम गलका झाला, कारण कत्तलीसाठी जनावर बाजारात विकायलाच त्यात बंदी होती. त्यात चांगल्याही गोष्टी होत्या. दुभत्या जनावराला पान्ह्यासाठी इंजेक्शन टोचायचं नाही, कास भरलेली दिसावी म्हणून सडांना चिकटपट्टी लावायची नाही, जनावराला कडक जमिनीवर पाडायचं नाही. पण त्याच यादीत शिंगं रंगवायची नाहीत, अंगावर दागिने-सजावट घालायची नाही, असंही होतं. हिंगूळ, बेगड, गोंडे, झूल हे आपल्याकडे लाडाने घालतात, हे लिहिणाऱ्याला ठाऊक नसावं. हे त्याला जानेवारीतच कोणी सांगायला हवं होतं. पुढे मद्रास उच्च न्यायालयाने नियमांना स्थगिती दिली, जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती देशभर कायम केली, आणि २०१८ मध्ये सरकारने नवा मसुदा काढला. म्हणजे नियम बदलता येतात. पण मधल्या काळात घोटीच्या, मालेगावच्या बाजारात जनावर घेऊन जाणाऱ्याच्या जिवाला जो घोर लागला, तो फुकट गेला.

दुसरं उदाहरण शर्यतींचं. २०१४ ला बंदी आली. शर्यतवाले गप्प बसले नाहीत. संघटना केल्या, निवेदनं दिली, आमदार-खासदारांना गाठलं. २०१७ साली महाराष्ट्र विधिमंडळाने या केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली. अटी मोडल्या तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद, असंही तीत घातलं. प्रकरण पुन्हा कोर्टात गेलं. १६ डिसेंबर २०२१ रोजी शर्यतींना परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ती दुरुस्ती कायम ठेवली. शर्यती असाव्यात की नसाव्यात, यावर तुमचं मत काहीही असो. मला एवढंच दाखवायचं आहे की शर्यतीच्या बैलामागे संघटना होती. दुभत्या गायीमागे, भाकड म्हशीमागे, संगमनेरी शेळीमागे आणि तिला पाळणाऱ्या बाईमागे कोण आहे? आपला बचत गट, ग्रामसंघ. दुसरं कोणी नाही.

आता जरा कडू बोलते. आपण सूचना लिहायच्या तर खऱ्या लिहायच्या. आपल्या गोठ्यांत सगळं गोड नाही. बाजाराच्या आदल्या दिवशी धार न काढता कास तुंबवतात. पान्हा सोडायला औषधाची सुई लावतात. १९६०च्या कायद्यात त्याला वेगळं १२वं कलम आहे, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद. शेपटी पिरगाळतात, पराणीला आर लावतात. आणि सगळ्यात अवघड म्हणजे संकरित गायीचं गोऱ्हं. कालवड झाली तर पेढे, गोऱ्हं झालं तर तोंड उतरतं. शेतीला ते चालत नाही, चिकाचं दूधही त्याला धड मिळत नाही, आणि एके रात्री ते हमरस्त्याला सोडून दिलेलं सापडतं. हे क्रूरच आहे. पण त्यामागे हिशोबही आहे. ट्रॅक्टर आले, बैलांची गरज कमी झाली. मार्च २०१५ पासून राज्यात गोवंश हत्याबंदीत बैल आणि वळूही आले. त्या कायद्याबद्दल कोणाला काही वाटो, म्हातारा बैल आणि नको असलेलं गोऱ्हं आयुष्यभर सांभाळायचं तर वैरण-पाण्याचा खर्च आहे, आणि तो बहुतेक वेळा दूध विकणाऱ्या बाईच्या पैशातूनच निघतो. म्हणून सरकारला लिहिताना दोन्ही लिहा. ‘जनावर सोडून देणं बंद झालं पाहिजे, हे आम्हाला मान्य आहे. त्यासाठी कालवडीच व्हाव्यात अशा रेतनाच्या मात्रा परवडणाऱ्या दरात गावापर्यंत द्या, आणि गावाजवळ सांभाळाची सोय करा.’ नुसती शिक्षा वाढवली तर गोऱ्हं रात्री आणखी लांब नेऊन सोडतील, एवढंच होईल.

आपल्या नाशिकच्या कपालेश्वराची कथा तुम्हाला ठाऊक असेल. पंचवटीतल्या या महादेवापुढे नंदी नाही. मालक उद्या माझ्या नाकात वेसण घालणार, म्हणून चिडलेल्या एका गोऱ्ह्याचं आणि त्याच्या आईचं बोलणं शंकराने ऐकलं, आणि पुढे रामकुंडात पापातून सुटण्याची वाट त्याला त्या गोऱ्ह्यानेच दाखवली, अशी कथा सांगतात. म्हणून इथे नंदी सेवक नाही, गुरू आहे. बाकी देवाचं देवाला ठाऊक, पण वेसण घालताना त्या मुक्या जिवाला काय वाटतं, हा प्रश्न आपल्या गोदाकाठी जुना आहे. कायदा वेसण घालू देतो, ठरवून दिलेल्या पद्धतीने. मग ती पद्धत गावातल्या तरण्या पोरांना शिकवा, पशुवैद्यक दवाखान्यात सुन्न करून टोचायची सोय करा, अशी मागणी आपण का करू नये?

आता कामाचं सांगते. कागद-पेन असेल तर टिपून घ्या.

असा मसुदा निघाल्याचं कळलं, पेपरात आलं, पंचायत समितीतल्या पशुधन विकास अधिकाऱ्यांकडून कळलं किंवा या रेडिओवर ऐकलं, तर सगळ्यात आधी शेवटची तारीख आणि पत्ता लिहून घ्या. सूचना ईमेलने जातात, टपालानेही जातात. मग गटाची बैठक लावा. सगळा मसुदा वाचायची गरज नाही. आपल्याशी संबंधित तीन-चार कलमं शाळेतल्या मुलीकडून, गटाच्या सीआरपी ताईकडून वाचून घ्या. प्रत्येकीला बोलू द्या, आणि जिची जनावरं जास्त तिनेच बोलावं असं करू नका. एका शेळीवाल्या म्हातारीला जे ठाऊक असतं ते दहा म्हशींच्या मालकिणीला नसतं.

पत्र एका पानाचं पुरे. मराठीत लिहा. सुरुवातीला आपण कोण ते सांगा. ‘आम्ही अमुक गावच्या, अमुक गटाच्या बारा जणी. आमच्याकडे मिळून इतक्या गायी, इतके बैल, इतक्या शेळ्या आहेत.’ हे एक वाक्य फार मोलाचं आहे, कारण त्यावरून कळतं की लिहिणारी रोज शेणात हात घालते. मग कोणत्या कलमाबद्दल बोलता ते लिहा. गावात प्रत्यक्ष काय होतं ते दोन वाक्यांत सांगा. आणि शेवटी नेमकं काय हवं ते. ‘शेतकऱ्यांचे हाल थांबवा’ असं मोघम लिहिलं तर ते बाजूला पडतं. ‘पहिल्या वेळी चूक नकळत झाली असेल तर आधी समज द्या, पशुवैद्यकांकडून तपासणी करा, आणि मगच दंड’, हे उपयोगी पडतं. ‘बाजारात पाण्याचा हौद, सावलीची शेड आणि टेम्पोत चढवायला उतरता धक्का हवा, तो नसेल तर जबाबदारी बाजार चालवणाऱ्याची’, हेही उपयोगी पडतं. ‘जप्त केलेल्या जनावराच्या वैरणीचा खर्च कोण करणार, निकाल लवकर लागेल का, आणि मालकीण निर्दोष सुटली तर दुभती गाय तिला त्याच अवस्थेत परत मिळणार का?’ हा प्रश्न तर जरूर विचारा.

आणखी एक. २००१ सालच्या नियमांप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायची आहे. तिच्यावर जनावरं पाळणाऱ्या बायका घ्या, असं लिहा. कायदा राबवणाऱ्यांत गोठा माहीत असलेलं माणूस नको का?

पत्रावर सगळ्यांच्या सह्या घ्या, अंगठा असेल तर अंगठा. गटाच्या इतिवृत्तात ठराव लिहा. एक प्रत ठेवा, टपालाची पावती जपून ठेवा. तारीख लांब असेल तर महिला सभेत मांडा. नेहमीच्या ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची, हे आपल्या ग्रामपंचायत कायद्यातच आहे. तिथला ठराव ग्रामसभेत नेला तर तो साऱ्या गावाचा आवाज होतो. एक प्रत आमदारांना, एक खासदारांना पाठवा. हा विषय केंद्राचाही आहे आणि राज्याचाही, हे शर्यतींच्या वेळी आपण पाहिलंच.

मसुदा येईपर्यंत वाट बघत बसायलाही नको. शेवटची तारीख नेहमी अडचणीच्या दिवसांतच येते. पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास या विषयाला द्या. पाच स्वातंत्र्यं फळ्यावर लिहा आणि प्रत्येकीने आपल्या गोठ्यात कुठे कमी पडतं ते एकेक सांगा. त्यातलं आपल्या हातात काय आहे आणि सरकारच्या हातात काय, अशा दोन बाजू करा. पहिल्या बाजूचं काम दुसऱ्या दिवशी सुरू करा. जनावर आजारी असेल तर १९६२ हा पशुसंवर्धनाचा फुकटचा नंबर लावा. आणि दुसऱ्या बाजूचा कागद गटाच्या पेटीत ठेवा. तोच उद्याचं पत्र आहे.

तुमच्या गटाने काय ठरवलं ते आम्हाला कळवा, केंद्रावर चिठ्ठी पाठवा. पटलं नसेल तर तेही कळवा. पुढच्या वेळी त्या चिठ्ठ्या इथे वाचू. आता जा, वासरं सोडायची वेळ झाली असेल. रामराम.